सुबहीचं कपाट

डॉक्टर ब्लुमेनाउंच्या भुवयांवर लोकर बसली होती आणि ती झटकावी की नको, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. उन्हाळ्यात तिबेरियात माणूस सदरासुद्धा नाइलाजानं घालतो. हे गृहस्थ मात्र कोट चढवून, गळ्याला टाय आवळून जेरुसलेमहून बसनं आले होते आणि बखोरमामाच्या दुकानात एका उसवलेल्या गादीवर बसून शांततेविषयी बोलत होते. मामा पिंजत होता. धनुकलीचा टँव टँव आवाज चालू असला की त्याला समोरच्याचं निम्मंच ऐकू यायचं, पण मान तो सगळ्यालाच डोलवायचा. डॉक्टरांना वाटलं, माणसाला पटतंय.

"सारागोस्तीसाहेब, तुम्ही दोघं एका आईचं दूध प्यायलात," डॉक्टर म्हणाले. "समितीपुढे हे यायलाच हवं."

मामानं मागे वळून पाहिलं. त्याला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं, त्यामुळे दुकानात आणखी कोण आलंय ते तो बघत होता.

"दूध प्यायलो हे खरंय," तो म्हणाला. "माझ्या आईला बाळंतपणात ताप भरला, मग सुबहीच्या आईनं दोघांना पाजलं. सुबही म्हणतो, मी त्याच्या वाटचंही ओढलं, म्हणून तो असा हडकुळा राहिला."

"हेच! अगदी असंच सांगायचं."

"सांगीन की. कोण विचारणार आहे?"

सत्तेचाळीसचा उन्हाळा होता तो. देशात दुसरा विषयच नव्हता. इंग्रज जाणार, मग पुढे काय, हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांची समिती आली होती आणि गावोगावचे शहाणे तिच्या कानाला लागायला धावत होते. डॉक्टरांचं मंडळ लहानसं, बहुतेक सगळे प्रोफेसर. ज्यू आणि अरब दोघांचं मिळून एकच राज्य असावं, कुणी कुणाच्या डोक्यावर बसू नये, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावचा गेदालिया, कामगार संघाचा चिटणीस, तो दुसऱ्या बाजूचा. ज्यूंना स्वतःचं राज्य हवं, ते झालं की शांतता आपोआप येईल, असं तो सांगायचा. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते आणि ती नोकरी गेदालियानंच लावून दिली होती. सभेत हात वर करायची वेळ आली की मी राज्यासाठी वर करायचे, आणि सकाळी पाव मात्र अरब सुबहीमामाच्या भट्टीतला आणायचे. यात काही वावगं आहे असं मला तरी वाटत नव्हतं.

सुबहीमामाची भट्टी आमच्या दुकानाला लागूनच होती. मधली भिंत काळ्या दगडाची, आणि तिच्यातून हिवाळ्यात आम्हाला फुकट ऊब मिळायची. उन्हाळ्यातही मिळायची, त्याबद्दल मामा त्याला रोज शिव्या द्यायचा. सुबहीमामा म्हणायचा, तुझी लोकर उडून माझ्या पिठात पडते, लोक मला विचारतात की पावाला केस कुठून आले. दोघांचं हे भांडण इतकं जुनं होतं की एक जण आजारी पडला तर दुसऱ्याचा दिवस सरेना.

आणि त्यांचा एक वार्षिक सौदा होता. पेसाहच्या सणात सात दिवस ज्यू घरात पीठमूठ, सांजा, शेवया, अरकाची दारू, आंबवलेलं असं काहीच मालकीचं ठेवत नाहीत. सगळं परधर्मीयाला विकायचं आणि सण सरला की परत घ्यायचं. इतर लोक ते रब्बींवर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंवर सोपवतात, ते सगळ्या गावाचं एकदम विकून टाकतात. आमच्या घरात मात्र आजोबांपासून रीत होती, सौदा स्वतः करायचा. सणाच्या आदल्या दिवशी मामा सगळं एका अक्रोडाच्या कपाटात भरायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली घेऊन भट्टीवर जायचा. सुबहीमामा हात पिठात असतानाच घासाघीस सुरू करायचा. पिठात अळ्या आहेत म्हणायचा, अरक पातळ झालाय म्हणायचा. मग एक नाणं द्यायचा, हातावर हात मारायचा आणि किल्ली कमरेला अडकवून सात दिवस रुबाबात फिरायचा. मामीला सांगायचा, सुलताना, माझ्या कपाटाला धक्का लावू नकोस. सण संपला त्या संध्याकाळी तो ताज्या पावांचं ताट, दही आणि मध घेऊन यायचा आणि किल्ली परत द्यायचा. नफा म्हणून मामीची तळलेली मासळी चापून खायचा.

डॉक्टरांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला ते जरा जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेदालिया आला. त्याच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो गादीवर बसला नाही, उभाच राहिला, आणि मामाच्या हातातली धनुकली त्यानं हळूच धरून ठेवली, म्हणजे आवाज बंद व्हावा.

"मामा, जेरुसलेमचा डॉक्टर येऊन गेला म्हणे."

"गेला. गादी दाबून बघितली, घेतली नाही."

गेदालिया हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग खालच्या आवाजात माझ्या आईबद्दल बोलायला लागला.

माझी आई एस्त्रेया, म्हणजे मामाची धाकटी बहीण. अडतीस साली अरब टोळीनं वरच्या वस्तीवर हल्ला केला त्यात ती आणि माझे वडील दोघंही गेले. मी त्या दिवशी खाली गावात मामाकडे राहायला आले होते, म्हणून आज हे सांगायला आहे. हल्ला सुरू झाल्याचं कळताच सुबहीमामानं आम्हा तिघांना भट्टीमागच्या पिठाच्या कोठीत कोंबलं आणि स्वतः दारात पोत्यावर बसला. मांडीवर पाव काढायची ती लांब दांड्याची फळी होती. आम्ही उजाडल्यावर बाहेर आलो तेव्हाही तो तसाच बसलेला होता. आईची बातमी मला त्यानंच सांगितली. मामाला बोलता येत नव्हतं.

"तुमची बहीण मारली गेली, हे खोटं आहे का?" गेदालियानं विचारलं.

"खोटं कसं असेल?"

"मग समितीला तेवढंच सांगायचं. आम्ही घेऊन जातो तुम्हाला."

"आणि सुबहीचं?"

"सुबही देवमाणूस आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण एवढ्या थोड्या वेळात दोन्ही सांगितलंत तर समितीचा गोंधळ होईल."

मामानं मान डोलवली. त्याच आठवड्यात डॉक्टर परत आले, या वेळी मंडळातल्या एका बाईंना घेऊन. तुमच्या बहिणीचं फार वाईट झालं, असं ते मनापासून म्हणाले. पण ते पुढे आणू नये, नाहीतर समितीचा गोंधळ होईल. ते गेल्यावर मामानं धनुकली खाली ठेवली आणि मामीला हाक मारली.

"हे बघ, दोघंही म्हणतात समिती गोंधळेल. मी नऊ वर्षं गोंधळलोय. दोन वेळ जेवतोच की."

"तू समिती नाहीस," मामी म्हणाली.

हा पेच मामाला खरोखर सोसवत नव्हता. तो साधा माणूस होता, पण अर्धवट गोष्ट सांगणं त्याला जमायचं नाही. गादी उसवली तर सगळी लोकर बाहेर काढायची, अर्धी पिंजून अर्धी तशीच भरली तर माणसाला रात्रभर टोचते, हा त्याचा धंद्याचा नेम होता. तो रोज संध्याकाळी तळ्याच्या काठावर जाऊन बसायचा आणि मला विचारायचा, लुना, तू सांग, तुझी आई होती. मी एक दिवस म्हणायचे आईचं सांग, दुसऱ्या दिवशी म्हणायचे सुबहीमामाचं सांग. माझ्यासारखी सल्लागार मिळाल्यावर त्याचं काय होणार होतं?

समिती येण्याआधी दोन्ही पक्षांची जाहीर सभा ठरली. वाचनालयाच्या दिवाणखान्यात सगळा गाव लोटला. पिसवांचा राजा तिबेरियात दरबार भरवतो म्हणतात, तर त्या दिवशी माणसंही तेवढीच दाटीवाटीनं बसली होती. आधी डॉक्टर बोलले. आपण एकटे राज्य करू तर तलवारीवर झोपावं लागेल, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, तुम्ही जेरुसलेमला गादीवर झोपता, आम्ही झोपतो तलवारीवर. मग गेदालिया बोलला. युरोपात माझं गाव होतं, तिथंही शेजारी चांगले होते, आणि आज तिथं माझं कुणीही नाही, एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला. कुणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांची खरी गोष्ट एका खोलीत मावत नव्हती.

मग दोघांनीही एकाच वेळी मामाचं नाव घेतलं. मामा व्यासपीठावर गेला. त्यानं सणाचा सदरा घातला होता आणि तरी त्याच्या कानामागे लोकर होती. सुबहीमामा तेव्हा दारात उभा होता. सभेच्या चहाबरोबर द्यायच्या तीळ लावलेल्या पावाच्या कड्या त्याच्याकडून मागवल्या होत्या आणि टोपली रिकामी व्हायची तो वाट बघत होता.

"मला बोलता येत नाही," मामानं सुरुवात केली. मग त्यानं सगळंच सांगितलं. दूध, बहीण, पिठाची कोठी, पोतं, फळी, काहीही गाळलं नाही. आईचं नाव घेताना तो थांबला आणि मी खाली मान घातली. एवढ्यावर तो उतरला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं गेदालियाकडे वळून विचारलं, "तुमचं राज्य झालं, की सगळे आपलेच. मग पेसाहला मी कपाट कुणाला विकू?"

सगळा दिवाणखाना हसला. गेदालियाही हसला आणि म्हणाला, मामा, तेव्हाचं तेव्हा बघू. मामाला हसण्याचं कारण कळलं नाही. तो डॉक्टरांकडे वळला. "आणि तुमच्या राज्यात पुन्हा कुणी चाल करून आलं, तर प्रत्येकाच्या शेजारी सुबही असेल का?" डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मामा खरोखरच विचारत होता. कुणीतरी उत्तर देईल म्हणून तो उभा राहिला, आणि कुणी देईना तेव्हा त्यानं घाबरून दाराकडे बोट केलं.

"तो बघा, तो सुबही. तिथं उभा आहे. विचारा त्याला."

सगळ्यांच्या माना वळल्या. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारी उठून त्याचे हात धरायला गेली. सुबहीमामानं टोपली उचलली. त्यात अजून बऱ्याच कड्या होत्या. ती तशीच घेऊन तो निघून गेला.

अरबांच्या पुढाऱ्यांनी त्या समितीवर बहिष्कार टाकला होता. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्यापुढे साक्ष द्यायची नाही, असा सक्त हुकूम होता. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामालाही ठाऊक होतं. पण समितीशी तर मी बोलणार, सुबही कुठं बोलतोय, असा त्याचा हिशेब. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या मंडळाच्या पत्रकात सगळी हकिकत छापून आली, सुबहीच्या नावागावासकट, ‘तिबेरियाचा थोर शेजारी’ म्हणून. डॉक्टरांनी ते पत्रक कौतुकानं आम्हाला पाठवलं. ते अरबी गल्लीतही पोचलं. तिथल्या कॉफीच्या दुकानात सुबहीमामा बसला की शेजारचे लोक उठू लागले. कुणीतरी विचारलं, ज्यूंनी किती दिले? एका सकाळी भट्टीच्या दाराला डांबर फासलेलं होतं.

मामा रॉकेल आणि चिंध्या घेऊन डांबर पुसायला गेला. सुबहीमामानं त्याच्या हातातून चिंधी काढून घेतली.

"तुला माझं नाव घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"मी चांगलंच सांगितलं तुझं."

"चांगलं सांगितलंस म्हणून तर हे झालं. शिव्या घातल्या असत्यास तर उपकार झाले असते, लेका."

"खरं तेच सांगितलं मी, सुबही."

"घरातली गोष्ट होती ती," सुबहीमामा म्हणाला. "ती मी कुणाला दाखवायला केली नव्हती. नऊ वर्षांत आपण दोघं तरी तिच्याबद्दल एकदा बोललो का? आणि तू ती टोपलीत घालून बाजारात नेलीस." मग तो दाराकडे वळला आणि एकट्यानं पुसत राहिला.

समिती आली तेव्हा आमच्या गावात जेवणापुरतीच थांबली. मोटारींची रांग, धूळ, तळ्याची भाजलेली मासळी, आणि रस्त्याच्या एका कडेला ज्यू झेंडे घेऊन उभे. अरबांची दुकानं बंद. मामाला जेरुसलेमला न्यायला आता कुणीच उत्सुक नव्हतं. दोन्ही बाजूंना तो बिनभरवशाचा वाटत होता. तो दुकानात पिंजत बसला. समितीतला एक उंच पाहुणा पाय मोकळे करायला आला, दारात थांबला आणि धनुकलीकडे बघत राहिला. त्याला ते वाद्य वाटलं. त्यानं खुणेनं विचारलं, आणखी वाजवून दाखवाल का? मामानं दाखवलं. पाहुण्यानं टोपी काढून आभार मानले आणि गेला. देशाचं भविष्य ठरवणाऱ्या समितीपुढे आमच्या मामाची साक्ष झाली ती एवढीच.

हिवाळ्याच्या तोंडाला जगानं मत दिलं, दोन राज्यं करायची. वरच्या वस्तीत लोक रस्त्यावर नाचले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. नाचताना आईची आठवण येऊन मी रडलेही. मामा भिंतीला टेकून उभा होता. मामीनं विचारलं, झालं का आपलं राज्य? तो म्हणाला, झालं म्हणतात. मग हसत का नाहीस, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, हसू येतंय गं, पण खाली गेल्यावर त्या भिंतीला काय सांगू?

कारण भिंतीपलीकडून आता काही बोलणं येत नव्हतं. सुबहीमामा भट्टी पेटवायचा, ऊब यायची, पण शिवी यायची नाही. मामी पाव आणायला मला पाठवायची. तो मला पाव द्यायचा, कधी एक जास्त, आणि मामाबद्दल अक्षर काढायचा नाही. मला दोघांचाही राग यायचा. म्हातारी माणसं, एकानं जाऊन दुसऱ्याच्या गळ्यात पडायला काय हरकत होती? पण रस्ते तुटले, बसवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या आणि गळ्यात पडायचे दिवस तसेच निघून गेले. वसंतात आमच्या गल्ल्यांतही लढाई आली. आठवडाभर आम्ही दाराबाहेर पाय टाकला नाही.

पेसाह तोंडावर आला होता. एका सकाळी गोळीबार थांबला आणि गावात मोटारींचा घरघराट ऐकू आला. इंग्रज सैन्याचे ट्रक आणि बसगाड्या होत्या. गावातले अरब निघाले होते, सगळेच, एका दिवसात. कुणी म्हणतं इंग्रजांनी नेलं, कुणी म्हणतं त्यांच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, कुणी म्हणतं आमच्या लोकांच्या धाकानं गेले. अजून यावर सभा होतात, पुस्तकं निघतात. मी तिथं उभी होते आणि मला सांगता येत नाही. कोपऱ्यावर गेदालिया दंडाला पट्टा बांधून उभा होता. आम्ही कुणाला जा म्हटलेलं नाही, असं तो म्हणाला. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

मामा दारातून बघत होता. मग तो एकदम वळला आणि कपाट उघडून घरातलं सगळं त्यात टाकायला लागला. पिठाचा डबा, सांजा, शेवया, अरकाची अर्धी बाटली, आणि ताटातला अर्धा पावसुद्धा.

"अरे, सणाला अजून अवकाश आहे," मामी म्हणाली. "खाणार काय आपण?"

"बटाटे."

"बखोर, सौदा आदल्या दिवशी करतात."

"आदल्या दिवशी त्याला कुठं शोधू?" असं म्हणून त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन धावला. मी त्याच्यामागे गेले.

सुबहीमामा आणि त्याची बायको एका ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभे होते. त्यांच्याजवळ कपड्यांचं बोचकं होतं आणि मामानं कधीकाळी भरून दिलेली गादी गुंडाळून बांधलेली. एक इंग्रज शिपाई गादी नको म्हणत होता. मामा धापा टाकत समोर गेला. नऊ महिन्यांत दोघं एकमेकांसमोर असे पहिल्यांदाच आले.

"सुबही, विकत घे."

"काय?"

"कपाट. पेसाह आलाय."

सुबहीमामानं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा थुंकेल. त्याचा हक्क होता. त्यानं खांद्यावरचं बोचकं खाली ठेवलं.

"पीठ कसलं आहे?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडचंच."

"म्हणजे अळ्या असणार."

"नाहीत."

"अरक?"

"अर्धी बाटली आहे."

"अर्धी तू ढोसलीस आणि किंमत पुऱ्या बाटलीची मागशील." त्याचा आवाज फाटला होता, पण त्यानं घासाघीस सोडली नाही. शिपाई ओरडत होता. सुबहीमामानं खिसे चाचपले, एक नाणं काढलं आणि मामाच्या तळहातावर ठेवलं. दोघांनी हातावर हात मारला. मामानं किल्ली दिली. ती सुबहीमामानं सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वर गुंडी लावली.

"सण सरला की परत द्यायला यायचं," मामा म्हणाला. "माल तुझा आहे. मी हात लावणार नाही. पाव घेऊन ये."

"भट्टी विझवलीय रे."

"पेटवशील की येऊन."

सुबहीमामानं बोचकं ट्रकवर टाकलं आणि वर चढला. मी त्याच्या बायकोला हात देऊन वर चढवलं. माझी आई याच लोकांच्या हातून गेली असं मनात येत होतं, आणि हे ते लोक नाहीत असंही मनात येत होतं. ट्रक निघाला. गादी रस्त्यातच राहिली. मामानं ती उचलून आणली.

सण सरला त्या संध्याकाळी मामीनं मासळी तळली. मामा भट्टीच्या पायरीवर जाऊन बसला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला. मग आत येऊन त्यानं बटाटे मागितले.

आता या गोष्टीला गावात लोक हसायचे, मीही कधी कधी हसले. रब्बी म्हणाले, बखोर, मालक येण्यासारखा नसेल तर माल सोडून दिलेला समजता येतो, मी मार्ग काढून देतो. मामा म्हणाला, त्यानं सोडलेला नाही, खिशात घालून गुंडी लावलीय. गेदालिया आता सरकारी कचेरीत बसायचा. तो एकदा थट्टेनं म्हणाला, मामा, गेलेल्यांची मालमत्ता कायद्यानं सरकारजमा होते, कपाट द्यायला हवं. मामा म्हणाला, खुशाल न्या, पण किल्ली सुबहीकडून आणा. गेदालिया हसायचा थांबला आणि पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. त्यानंच नंतर कुणाकुणाकडे चौकशी केल्याचं मला कळलं. कुणी सुबहीला इर्बिदला पाहिलं होतं, कुणी दमास्कसला.

डॉक्टर ब्लुमेनाउ एकदा येऊन गेले. या वेळी टाय नव्हता. मंडळाबद्दल विचारलं तर म्हणाले, एका टेबलाभोवती मावतो आम्ही. ते बराच वेळ कपाटासमोर बसले. आपल्या पत्रकाबद्दल त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मामानं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, सुबही आला की त्याच्याशीच बोला. पहिल्या उन्हाळ्यात कपाटाच्या फटीतून पिठातले पतंग बाहेर येऊ लागले. मामी रोज सकाळी केर काढताना ते गोळा करायची आणि बाहेर टाकायची. तक्रार करायचा स्वभाव असूनही तिनं याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

मग सरकारनं खालचं जुनं गाव पाडायला घेतलं. भट्टी पडली, दुकान पडलं, मधली भिंतही गेली. आम्हाला टेकडीवर नवीन वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. सामान वर न्यायला दोन कुर्दी हमाल आले, पाठीवर सामान बांधून चढणारे, अंगानं आडदांड. त्यांनी कपाट हलवून पाहिलं.

"काका, जड आहे. आधी रिकामं करून द्या."

"ते तसंच न्यायचं," मामा म्हणाला.

"आत आहे काय एवढं? वास येतोय."

"मला विचारू नका. माझं नाही ते."

"निदान किल्ली द्या, बाटल्याबिटल्या असतील तर फुटतील वाटेत."

"किल्ली मालकाकडे आहे."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरल्यानं पट्टा कपाळाला लावला, धाकट्यानं मागून आधार दिला आणि कपाट त्याच्या पाठीवर चढलं. गाढवावर सुबहीची गादी होती, तिच्यावर मामी बसली होती. मामा कपाटामागून चालत होता, एक हात त्याच्या फळीला लावून. चढ सुरू झाला तशी आत अरकाची बाटली घरंगळायला लागली, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. दर वेळी आवाज झाला की मामा हमालाला सांगत होता, हळू जा बाबा, दुसऱ्याचं आहे.